पार्सल उशिरा आलं, तारे कुणाचे कापायचे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी बरोबर समजले का ते तुम्हालाही कळेल. तुम्ही एका मार्केटप्लेसवरून, म्हणजे अनेक विक्रेते माल विकतात अशा साइटवरून, वापरलेली लेन्स मागवली. विक्रेत्याने ‘2 दिवसांत पाठवतो’ असं लिहिलं होतं आणि तुम्ही जलद सेवेचे जादा पैसेही भरले होते. साइटने दाखवलेली शेवटची तारीख उलटून गेल्यावर 11 दिवसांनी खोकं दारात आलं. लेन्स मात्र वर्णनाबरहुकूम, काच स्वच्छ, पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. विचारलं की विक्रेता उत्तरही देत होता. आता साइट तारे मागतेय आणि विक्रेत्याचा निरोप आलाय, ‘उशीर कुरिअरचा आहे, प्लीज पाच द्या, नाहीतर माझं रेटिंग पडेल.’ त्याचा दोष नसेल तर तारे कापणं अन्याय होईल का, आणि असेल तर पाच देणं खोटं ठरेल का, हा तुमचा पेच.

मी 13 वर्षं जुन्या लेन्स आणि कॅमेऱ्यांचे सुटे भाग ऑनलाइन विकतेय. सुटे भाग मिळवायचे तर ते कुणाकडून तरी विकत घ्यावे लागतात, त्यामुळे जेवढी पार्सलं पाठवते जवळजवळ तेवढ्याच पार्सलांची वाटही बघते. एक तारा मिळाला म्हणून जेवण गेलं नाही आणि एक तारा दिला म्हणून झोप लागली नाही, असं दोन्ही माझं झालेलं आहे.

किती तारे द्यायचे हे शेवटी ठरवू. आधी ठरवायचं ते हे, की त्या 11 दिवसांत पार्सल कुणाच्या ताब्यात होतं. ऑर्डर दिल्यापासून खोकं कुरिअरच्या हाती पडेपर्यंतचा वेळ सर्वस्वी विक्रेत्याचा. तिथून तुमच्या दारापर्यंतचा वेळ वाहतूकवाल्याचा, पण त्यातही पत्ता नीट लिहिणं आणि योग्य सेवा निवडणं हे विक्रेत्याचंच काम. पत्त्यात घरनंबर राहिला, फोन लागला नाही, दार दोनदा बंद मिळालं, तर तो वेळ आपला, घेणाऱ्याचा. हे शेवटचं कुणी कबूल करत नाही. मला आलेल्या ‘उशीर झाला’च्या तक्रारींमध्ये जुना पत्ता बदलायचा राहून गेलेली गिऱ्हाइकं दर वर्षी एकदोन तरी निघतात.

तुम्ही ट्रॅकिंगच्या नोंदी दिल्यात हे फार बरं केलंत, कारण त्याशिवाय बाकीचं सगळं हवेतलं बोलणं. त्या ओळी मी अशा वाचते.

सोमवारी ऑर्डर. मंगळवारी संध्याकाळी ‘लेबल तयार, शिपमेंटची माहिती मिळाली’. या ओळीने बहुतेक लोक फसतात. तिचा अर्थ एवढाच की विक्रेत्याने कॉम्प्युटरवर पत्त्याची चिठ्ठी बनवली आणि वाहतूक कंपनीच्या यंत्रणेला कळवलं. खोकं त्या वेळी त्याच्या टेबलावर असू शकतं, कपाटात असू शकतं, किंवा लेन्स अजून पुसूनही झालेली नसू शकते. काही विक्रेते मुद्दाम असं करतात. चिठ्ठी वेळेत छापली की साइटच्या हिशेबात ‘पाठवलं’ असं लागतं आणि घड्याळ थांबतं, मग पार्सल सवडीने जातं. आपल्याला शोधायचा असतो पहिला खरा स्कॅन, म्हणजे कुरिअरच्या माणसाने खोकं हातात घेऊन यंत्राखाली धरलं तो क्षण.

तुमच्या यादीत तो स्कॅन शनिवारी सकाळी 11:40चा आहे. म्हणजे बुधवारपर्यंत जायला हवं होतं ते शनिवारी गेलं.

आता विक्रेत्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती मी स्वतः भोगलेली आहे. पिकअपला येणारा माणूस प्रत्येक खोकं दारात स्कॅन करतोच असं नाही. माझ्याकडे येणारा तर पोतं उघडतो, सगळी पार्सलं आत टाकतो आणि पुढच्या घरी पळतो. स्कॅन होतो तो थेट हबवर, म्हणजे कुरिअरच्या पार्सलं वेगळी करायच्या केंद्रावर, रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, आणि मध्ये सुट्टीचा वार आला तर त्याच्याही पुढे. म्हणून पहिला स्कॅन एखादा दिवस मागेपुढे असेल तर मी विक्रेत्याला संशयाचा फायदा देते. पण त्यासाठी पहिला स्कॅन कुठे झाला ते बघावं लागतं. ‘हबवर पोहोचलं’ अशी पहिली नोंद असेल तर पार्सल आदल्या दिवशी दिलेलं असू शकतं. तुमची पहिली नोंद आहे ‘काउंटरवर स्वीकारलं’. काउंटरवर खोकं दिलं की समोरच स्कॅन होतो आणि हातात पावती मिळते. तिथे तीन दिवसांचा घोळ होत नाही.

पुढे रविवारी रात्री पार्सल मोठ्या हबवर पोहोचलं. मग त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत एकही ओळ नाही. आठ दिवसांनी ‘चुकीच्या ठिकाणी गेलं, पुन्हा रवाना’, आणि त्याच आठवड्याच्या शनिवारी तुमच्या दारात. असा मधला आठ दिवसांचा खड्डा सहसा विक्रेत्याचा नसतो. लेबलवर घडी पडली, चिकटपट्टीची चमक बारकोडवर आली, खोकं दुसऱ्या पोत्यात पडलं, असं काहीही झालं असेल. चिकटपट्टी बारकोडवरून ओढली असेल तर मात्र ती विक्रेत्याची चूक. मी स्वतः पहिली दोन वर्षं पावसापासून वाचावं म्हणून लेबलावर पट्टी लावायची आणि पार्सलं हबवर का अडकतात म्हणून कुरिअरला शिव्या घालायची.

थोडक्यात, 11 दिवसांच्या उशिरातले 3 दिवस विक्रेत्याचे आणि 8 कुरिअरचे. ‘उशीर कुरिअरचा आहे’ हे त्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण पुरतं नाही.

आता शेवटच्या तारखेबद्दल. साइट ‘अमुक ते तमुक तारखेदरम्यान मिळेल’ असं दाखवते तेव्हा ती तारीख विक्रेता हाताने लिहीत नाही. त्याने सांगितलेला पाठवायचा अवधी, ज्याला आम्ही हँडलिंग टाइम म्हणतो, त्यात वाहतुकीचे नेहमीचे दिवस मिळवून साइट ती काढते. त्यात ‘कामाचे दिवस’ हा शब्द बारीक अक्षरात असतो आणि सुट्ट्या त्यातून वगळलेल्या असतात. विक्रेत्याने आपल्या तोंडाने दिलेला शब्द एकच, हँडलिंग टाइमचा. तो पाळला का, हा सरळ प्रश्न आहे. बाकीची तारीख अंदाज आहे.

या हँडलिंग टाइमवर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण घेणाऱ्यांना ही बाजू दिसत नाही. माझ्यासारखाच माल ठेवणारे शंभर जण असतात. मी ‘3 दिवस’ लिहिलं आणि शेजारच्याने ‘1 दिवस’ लिहिलं, तर त्याच्या मालासमोर लवकरची तारीख दिसते. घेणारा तीच बघतो. म्हणून सुरुवातीला मीही ‘1 दिवस’ लिहायची. लेन्स विकली गेली की ती पुन्हा तपासायची, काचेवर बुरशीचा धागा नाही ना ते टॉर्च मारून बघायचं, फोकसची रिंग फिरवून पाहायची, मग खोकं शोधायचं. एका दिवसात हे कधी व्हायचं, कधी नाही. नाही झालं की मग चिठ्ठी आज छापून ठेवायची आणि पार्सल उद्या द्यायचं. ‘उद्या’चं ‘परवा’ व्हायला वेळ लागत नाही. कुणाला फसवायचं म्हणून मी हे केलं नव्हतं, पण समोरचा फसतच होता. आता मी 3 दिवस लिहिते आणि बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पाठवते. विक्री थोडी घटली, हे खरं आहे.

म्हणूनच ‘जाऊ दे, पाच देऊन टाकू’ हे मला पटत नाही. दया दाखवायची ती त्या एका विक्रेत्याला, आणि तिचा भुर्दंड पडतो खरे तीन दिवस लिहिणाऱ्याला. ‘1 दिवस’ लिहून चौथ्या दिवशी पाठवणाऱ्याला सगळ्यांनी पाच दिले, तर खरं लिहिणारा मूर्ख ठरतो. पाठवायच्या अवधीचा शब्द खरंच पाळला का, हे तपासायला घेणाऱ्यांइतकं जवळचं दुसरं कुणी नसतं.

दुसऱ्या बाजूने, तुमच्या एका ताऱ्याचं वजन किती असतं तेही माहीत असू द्या. इबे या ऑनलाइन बाजारावर फीडबॅकची, म्हणजे शेऱ्यांची, पद्धत 1996 मध्ये त्याचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी सुरू केली. तेव्हा घेणारा आणि विकणारा दोघेही एकमेकांना शेरा देत. त्यात सूडाचे शेरे फार व्हायला लागले, घेणाऱ्याने नाराजी लिहिली की विक्रेता उलट लिहायचा, आणि लोक खरं लिहायला बिचकायला लागले. म्हणून 2008 पासून विक्रेत्याला घेणाऱ्याबद्दल नकारात्मक लिहिता येत नाही. निर्णय योग्यच होता, पण तेव्हापासून पारडं घेणाऱ्याकडे झुकलेलं आहे. आपण काहीही लिहू शकतो, समोरचा फारतर खाली उत्तर देऊ शकतो.

एटसी या दुसऱ्या साइटवर ‘स्टार सेलर’ची, म्हणजे चांगल्या विक्रेत्याची, खूण टिकवायला ताऱ्यांची सरासरी 4.8 लागते. याचं गणित करून बघा. एखाद्याला एक तारा मिळाला, तर सरासरी पुन्हा 4.8वर आणायला 19 जणांनी पाच-पाच द्यावे लागतात. महिन्याला दहा ऑर्डरींवर चालणाऱ्या नव्या माणसाचे तर महिनेच्या महिने त्यात जातात. आपल्याला वाटतं चार तारे म्हणजे ‘छान, थोडी कसर राहिली’. तिकडे चार म्हणजे उंबरठ्याच्या खाली. हे बरोबर नाही असं माझंही मत आहे, चारचा अर्थ चारच असायला हवा, पण वस्तुस्थिती ही अशी आहे.

लुईस कॅब्राल आणि अली होर्ताचसू या दोन अर्थशास्त्रज्ञांचा इबेच्या विक्रेत्यांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिला नकारात्मक शेरा येण्याआधी विक्री आठवड्याला सुमारे 5 टक्क्यांनी वाढत होती, तो आल्यावर ती सुमारे 8 टक्क्यांनी घटू लागली, असं त्यात आढळलं. त्याहून मला लागलेली गोष्ट म्हणजे पहिल्यानंतरचे नकारात्मक शेरे सुमारे 25 टक्के अधिक वेगाने येतात. पडणाऱ्याला लोक आणखी ढकलतात की पडलेला माणूस निष्काळजी होतो, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला दुसरं जास्त खरं वाटतं. पहिला वाईट शेरा आल्यावर मी तीन आठवडे नवीन माल लावलाच नव्हता, आणि आलेल्या ऑर्डरी ओढूनताणून पाठवल्या होत्या.

आता कुठल्या चौकटीत काय लिहायचं, कारण यात घोटाळा फार होतो. इबेने 2007 मध्ये चार वेगवेगळे तारे आणले: वस्तू वर्णनाप्रमाणे आहे का, संवाद कसा होता, पाठवण्याचा वेग, आणि पाठवणीचा खर्च. तिसरा नीट वाचा. तिथे विक्रेत्याने किती लवकर पाठवलं ते विचारलेलं आहे, तुम्हाला कधी मिळालं ते नाही. हबवरचे आठ दिवस त्या चौकटीत बसत नाहीत, टेबलावरचे तीन दिवस बसतात. ॲमेझॉनवर विक्रेत्याचं उशिरा पाठवण्याचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आत असावं लागतं, तेही पाठवण्यावरूनच मोजतात. माल ॲमेझॉनच्याच गोदामातून त्यांनीच पाठवला असेल आणि तक्रार पोहोचवण्याची असेल, तर विक्रेत्याचा तो शेरा साइट खोडते, म्हणजे त्याच्यावर राग काढून काही उपयोगच होत नाही. शिवाय तिथे विक्रेत्याचा फीडबॅक वेगळा आणि वस्तूचा रिव्ह्यू वेगळा असतो. ‘उशिरा आलं’ म्हणून वस्तूच्या रिव्ह्यूत एक तारा ठोकणारे लोक बघितले की मला हसावं की रडावं कळत नाही. त्या लेन्सने काय केलं बिचारीने?

परदेशातून येणाऱ्या पार्सलचं थोडं वेगळं असतं. पोस्टाने आलं असेल तर ट्रॅकिंगचा नंबर अक्षरं आणि आकडे मिळून 13 खुणांचा असतो, पुढे दोन अक्षरं, मध्ये नऊ आकडे, शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरं. हा जागतिक टपाल संघाने, म्हणजे 1874 मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने, ठरवलेला नमुना आहे. एका देशाच्या टपालाने पार्सल दुसऱ्याकडे दिलं की मधले कित्येक दिवस एकही नोंद दिसत नाही, आणि त्यात काही गैर नसतं. कस्टम्समध्ये अडकलं तरी तो दोष सहसा विक्रेत्याचा नसतो. अपवाद एकच, पार्सलवरच्या घोषणापत्रात त्याने ‘पार्ट्स’ असं मोघम लिहिलं असेल किंवा विकलेल्या मालाला ‘भेटवस्तू’ म्हटलं असेल तर. तसं लिहिलं की अधिकारी खोकं उघडू शकतात, आणि ते लिहिणारा हात विक्रेत्याचाच.

त्या नऊ आकड्यांवरून आठवलं. एकदा एका गिऱ्हाइकाने मला लिहिलं, ‘नंबर खोटा आहे, मला फसवलंत.’ मी चिडूनच उत्तर टाइप केलं आणि पाठवायच्या आधी पावती काढून पाहिली. मधल्या दोन आकड्यांची मी अदलाबदल केली होती. त्या नऊतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो. आधीच्या आठ आकड्यांना अनुक्रमे 8, 6, 4, 2, 3, 5, 9, 7 ने गुणायचं, बेरजेला 11 ने भागायचं, उरेल ते 11 मधून वजा करायचं, येईल तो नववा आकडा. उत्तर 10 आलं तर 0 धरायचा, 11 आलं तर 5. शेजारचे दोन वेगळे आकडे उलटसुलट झाले तर हे गणित बहुतेक वेळा जमत नाही. तेव्हापासून नंबर पाठवायच्या आधी मी तो स्वतः ट्रॅकिंगच्या पानावर टाकून बघते. ‘नोंद सापडली नाही’ दिसलं म्हणून लगेच फसवणूक समजू नका, आधी पावतीचा फोटो मागा.

आता संवादाबद्दल, आणि इथे माझं मत ठाम आहे. उशिरापेक्षा त्या काळात आलेली किंवा न आलेली बातमी मी जास्त मोजते. एका विक्रेत्याकडून मी शटरचा एक भाग घेतला होता. 19 दिवस उशिरा आला. पण सहाव्या दिवशी, मी काही विचारायच्या आधीच, त्याचा निरोप आला: चार दिवस स्कॅन झालेला नाही, मी कुरिअरकडे तक्रार टाकली आहे, तिचा क्रमांक हा, गुरुवारपर्यंत हललं नाही तर पैसे परत करतो, नंतर पार्सल आलं तर तुम्ही मला कळवा. गुरुवारी हललं. त्याला मी पाचपैकी पाच दिले आणि आजही त्याच्याकडून घेते. दुसरा एक होता, त्याचं पार्सल फक्त दोन दिवस उशिरा आलं, पण तीनदा विचारल्यावर एकच उत्तर, ‘ट्रॅकिंग बघा’. ट्रॅकिंग मी बघतच होते, म्हणून तर विचारत होते. त्याला तीन दिले आणि का ते लिहिलं.

तुमचा विक्रेता उत्तर देत होता, ही जमेची बाजू. पण तुम्ही त्याचे निरोप चिकटवलेत ते मी पुन्हा वाचले. बुधवारी त्याने लिहिलंय, ‘काल पाठवलं.’ आणि काउंटरची नोंद शनिवारची आहे. मला तीन दिवसांच्या उशिरापेक्षा हे वाक्य जास्त खटकतं. विक्रेत्याने ‘राहून गेलं, शनिवारी जाईल’ असं लिहिलं असतं तर तुम्हीही फार काही म्हणाला नसतात. लेबल छापणं म्हणजेच पाठवणं असं त्याच्या तोंडात बसलेलं असेल, तेही शक्य आहे. आमच्यातले पुष्कळ जण खरंच तसं बोलतात.

तारे देण्याआधी दोन तारखा कागदावर लिहून ठेवा. शेरा द्यायची मुदत इबेवर 60 दिवस, ॲमेझॉनवर 90 दिवस असते. घाई नाही. राग ताजा असताना मी कधी लिहीत नाही, दोन रात्री जाऊ देते. पैसे परत मागायची मुदत मात्र वेगळी आणि काही ठिकाणी लहान असते. माल मिळालाच नसेल तर इबेवर शेवटच्या अंदाजित तारखेपासून 30 दिवसांत दावा टाकावा लागतो. ‘अजून थोडं थांबा, येईलच’ असं गोड बोलून ही मुदत उलटू देणारे विक्रेते मी पाहिलेत. थांबा जरूर, पण मुदतीच्या चार दिवस आधीपर्यंतच. तुमचं पार्सल मिळालंय, म्हणून हे पुढच्या वेळेसाठी.

आणि दावा व शेरा यांची सरमिसळ करू नका. पैशांचं गाऱ्हाणं असेल तर दावा, पुढच्या गिऱ्हाइकाला सांगायचं असेल तर शेरा. ‘इतके पैसे परत द्या नाहीतर एक तारा देईन’ असं लिहिणं नियमाविरुद्ध आहे, आणि ‘पाच द्या, थोडे पैसे परत पाठवतो’ हेही. तुमच्या विक्रेत्याने पैशांची गोष्ट काढलेली नाही, नुसती विनवणी केली आहे. एकदा विनवणी करण्यात मला काही वावगं दिसत नाही. मीही करते, फक्त पाचच द्या असं म्हणत नाही.

शेरा लिहिताना तारखा लिहा, विशेषणं नकोत. ‘अतिशय वाईट सेवा’ यातून पुढच्याला काहीच कळत नाही. मी तुमच्या जागी असते तर असं लिहिलं असतं: ‘लेन्स वर्णनाप्रमाणे, पॅकिंग उत्तम. 2 दिवसांत पाठवतो म्हटलं होतं, काउंटरची नोंद पाचव्या दिवसाची. पुढचा 8 दिवसांचा उशीर कुरिअरचा. विचारल्यावर उत्तरं मिळाली.’ हे वाचून घाई असलेला माणूस दुसरीकडे जाईल आणि घाई नसलेला निर्धास्त घेईल. चार वेगळ्या चौकटी असतील तर वस्तूला पाच, खर्चाला पाच, पाठवण्याच्या वेगाला तीन. एकच आकडा द्यायचा असेल तर चार.

संवादाचा तारा मी रिकामा ठेवला, कारण तो द्यायच्या आधी त्याला एक प्रश्न विचारायला हवा: ‘बुधवारी तुम्ही काल पाठवलं म्हणालात, काउंटरची नोंद शनिवारची दिसतेय, मध्ये काय झालं?’ एवढंच, आवाज न चढवता. ‘लेबल केलं होतं, घरात अडचण होती, तुम्हाला सांगायला हवं होतं’ असं काही आलं तर मी पाच देईन, कारण माणूस खरं बोलला. पुन्हा ‘कुरिअरने स्कॅन उशिरा केला’ आलं, तर दोन, आणि एकूण आकडाही चारचा तीन करेन.

शेवटचं, आणि कदाचित हेच आधी सांगायला हवं होतं. खोकं अजून टाकलं नसेल तर वरचं लेबल बघा. पत्त्याच्या वर किंवा बारकोडजवळ सेवेचं नाव छापलेलं असतं, बहुधा लेबल छापल्याची तारीख आणि वजनही. तुम्ही जलद सेवेचे पैसे भरलेत असं लिहिलंय. लेबलवर साध्या सेवेचं नाव निघालं, तर तुमचे पैसे घेऊन त्याने स्वस्तातलं पाठवलं असा अर्थ होतो, आणि मग खर्चाला मी वर दिलेले पाचही राहत नाहीत. लेबलचा फोटो काढा, त्याला पाठवा, फरकाचे पैसे मागा, आणि ते येईपर्यंत ताऱ्यांना हात लावू नका.